चाळ पाडण्याआधी

गिरगावात, परळला, लालबागला मान वर करून पाहिलं की लाकडी कठडे दिसतात आणि त्यांना खालून दिलेले लोखंडी टेकू. टेकू लागले की पुनर्विकासाची बोलणी सुरू होतात. करार होतो, बिऱ्हाडं ट्रान्झिट कॅम्पात जातात आणि शंभर वर्षं उभी असलेली चाळ बघताबघता भुईसपाट होते. तिचा मोजून काढलेला एक नकाशाही बहुतेक वेळा मागे उरत नाही.

वारसा इमारतींसाठी मुंबईनं १९९५ साली नियम केले, देशात सर्वांत आधी. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ मध्ये जागतिक वारसा ठरलं, ओव्हल मैदानाच्या दोन्ही अंगांच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये. त्याचा अभिमान आहेच. पण गिरणगाव जिथे नांदलं त्या चाळींची सरकारदरबारी ओळख बहुधा एकच, ‘उपकरप्राप्त इमारत’, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत.

म्हणून पाडण्याआधी चाळीची नीट मोजणी तरी व्हायला हवी. सुरुवात कागद-पेन्सिलीनं. मजल्यावर फिरून हातानं कच्चा नकाशा काढायचा, मग टेप लावायची. खोली चौकोनी वाटते, पण जुन्या घराचे कोपरे काटकोनात क्वचितच सापडतात. म्हणून चार भिंतींबरोबर दोन्ही कर्णही मोजायचे. कर्णांत फरक आला, की खोली किती तिरकी आहे ते कागदावर उतरतं. लांब गॅलरी खांबाखांबागणिक मोजली तर प्रत्येक वेळची बारीक चूक पुढे साठत जाते. त्यापेक्षा टेपचं टोक एका जागी धरून ठेवायचं आणि सगळे खांब त्याच शून्यापासून वाचायचे. पातळी काढायला गवंड्याची पाण्याची नळी आजही उत्तम. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर येतं, तिथे भिंतीवर खुणा करायच्या. त्या रेषेपासून खाली मोजलं, की जमीन कुठल्या कोपऱ्यात खचलीय ते कळतं. खांब ओळंब्यात, म्हणजे सरळ उभा, आहे की नाही, तेही इथेच बघून घ्यायचं.

भिंतीतली भेग जुनी की अजून वाढणारी? भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवतात आणि शेजारी तारीख लिहितात. भिंत हलली तर काच तडकते. दुरुस्ती करायची की आधी पायाकडे बघायचं, हे त्यावर ठरतं.

हल्ली लेझर स्कॅनर येतो. उभ्या इमारतीचे लाखो बिंदू तो मिलिमीटरच्या हिशेबात टिपतो, आणि नक्षीदार सज्जासाठी त्याच्याइतकं चांगलं साधन नाही. पण त्याला पृष्ठभागच दिसतो. तुळई आतून वाळवीनं खाल्लीय का, हे हातोडीनं हलकेच ठोकून ऐकावं लागतं. भक्कम सागवान खणखणीत वाजतं, पोखरलेलं बद्द. चुन्याच्या भिंतीवर कुणी नंतर सिमेंटचा गिलावा केलाय का, याचीही नोंद हवी. सिमेंटमुळे ओल बाहेर पडायची वाट बुजते आणि आपल्या पावसाळ्यात भिंत आतून कुजत राहते.

आणि माणसं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी १९२० च्या दशकातल्या. मधोमध लांब पॅसेज, दोन्ही हातांना खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. नकाशात ही खोली रिकामी दाखवली, तर माझ्या मते काम अर्धंच झालं. मोरी कुठे होती, माळ्यावर काय चढवलेलं, रात्री कोण कुठे अंथरूण टाकायचं, गावाहून आलेला पाहुणा कुठे झोपायचा, हे सगळं त्याच नकाशावर उतरवायला हवं. ते तिथे राहिलेल्यांनीच सांगायचं, आणि सांगणारे आता थकले आहेत.

आपल्या चाळीचा करार व्हायचा असेल, तर रहिवाशांच्या सभेत आधी मोजणीचा विषय घ्या. विकासकाकडून ती करून घेण्याची अट करारातच घाला. घरातले अल्बमही काढा. गॅलरीत काढलेल्या लग्नाच्या, मुंजीच्या, गणपतीच्या फोटोंत माणसांच्या मागे मूळचा कठडा दिसतो, आता फुटून गेलेली रंगीत तावदानं दिसतात. त्याच फोटोत आजही जागेवर असलेली एखादी चौकट असेल, तर तिच्या मापावरून हरवलेल्या कठड्याची उंची काढता येते. फोटोच्या मागे साल आणि मजला लिहून ठेवा.