डावीकडून अजून एकदा

पुणे. जानेवारीतली सकाळ, साडेसहा वाजलेत. स्केटिंगच्या रिंकवर दव पडलंय. दोघंजण जुन्या टॉवेलांनी फरशी पुसतायत. ओल्या फरशीवर चाक सटकतं, मग चाचणीत घेतलेली वेळ कामाची राहत नाही.

ही इनलाइन हॉकीची मुलं-मुली. बुटाखाली एका रांगेत चार चाकं, हातात स्टिक, पुढ्यात पक, म्हणजे चपटी चकती. गोलकीपर धरून एका बाजूला पाचजण. अंगानं धडक द्यायला बंदी, म्हणून समोरच्याला चुकवायचं तर वळणं पक्कं हवं.

आता टेप पसरतेय. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद. मधोमध चार कोन, म्हणजे शंकू, ३.३ मीटर अंतरानं. ही इलिनॉय चाचणी, चपळाई मोजणारी. मूळची धावणाऱ्यांची, तिथं पालथं पडून सुरुवात करतात, इथं उभ्यानं. सरळ जायचं, वळून यायचं, कोनांमधून नागमोडी जाऊन परतायचं, पुन्हा सरळ. कोन पडला की फेरी बाद. आणि दर खेळाडूची फेरी दोनदा: एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. हे करायलाच हवं.

हा अंगठा बघा, स्टॉपवॉचवरचा. डोळ्यानं पाहून बटण दाबेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. सेकंदाला ६ मीटरनं येणारी पोरगी तेवढ्यात मीटरभर पुढे गेलेली असते. म्हणून रेषेवर तिपाई लावून मोबाईल ठेवलाय, सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा. पुढचं चाक रेषेला लागलं ती फ्रेम शोधायची, मोजायचं. महागडे सेन्सर नसले तरी वेळ नीट घेता येते, कुठल्याही रिंकवर.

आता एका पोरीचं हे वळण, मोबाईलवर सावकाश. बर्फावरच्या स्केटचं पातं आडवं घासून थांबता येतं. इथं चाकं फरशी घट्ट धरतात. म्हणून वेग न मोडता बाहेरचा पाय आतल्या पायावरून टाकायचा. उजवीकडे तो सहज पडतो. डावीकडे, हे पाहा, पाय उचलायच्या आधी ती क्षणभर थबकते. सरळ २० मीटरच्या धावेत हे कधीच दिसलं नसतं.

या वेळा वहीत उतरतील, संघ निवडताना समोर असतील.

ऊन रिंकच्या कडेला आलंय. टेप गुंडाळायला घेतली, तेवढ्यात ती पुन्हा रेषेवर.

"दादा, डावीकडून अजून एकदा."