गुरुजी, जरा शॉर्टमध्ये घ्या

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी आमच्याकडे सत्यनारायण होता, ठाण्याचे आमचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर. पाहुणे जेवायला खोळंबले म्हणून आमचे हे म्हणाले, गुरुजी जरा शॉर्टमध्ये घ्या. त्यावर लेक म्हणाली, बाबा, ते पुस्तकात न बघता म्हणतायत आणि तुम्ही त्यांना स्किप करायला सांगताय? रात्री त्यावरून घरात चांगलीच जुंपली. मी लेकीच्या बाजूने आहे.

श्रावणी सोमवारी ठाण्यात कौपिनेश्वराच्या, शंकराच्या देवळाच्या, रांगेत आपण सगळेच उभे राहिलोय, मग तलावपाळीला चक्कर ठरलेली. आत लघुरुद्र चालू असायचा, म्हणजे रुद्र हे शंकराचे वेदमंत्र म्हणणारे अकरा जण, प्रत्येकाची अकरा आवर्तनं, म्हणजे १२१. देऊळ बिवलकरांनी १७६० मध्ये बांधलं हे आपण पाहुण्यांना हौसेने सांगतो, पण ते रुद्र म्हणणारे कोण, कुठे शिकले, कधी विचारलं?

मुंज झालेलं पोर वेदपाठशाळेत जातं आणि आठ-दहा वर्षं तिथेच. संथा म्हणजे गुरुजी एकदा म्हणणार, मुलं दोनदा. आधी संहिता म्हणजे सलग मंत्र, मग पदं म्हणजे सुटे शब्द, मग क्रम म्हणजे शब्दांच्या जोड्या, आणि ज्याची तयारी असेल तो जटा-घन या उलटसुलट म्हणायच्या प्रकारांपर्यंत. घनात दोन पदं सुलटी म्हणायची, मग उलटी, मग तिसरं जोडून तिन्ही सुलटी, उलटी, परत सुलटी, असं सगळ्या संहितेभर, त्यामुळे एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी लगेच पकडलं जातं. युनेस्कोच्या वारशाच्या यादीत २००८ पासून वेदपठण आहे, त्याचा फॉरवर्ड आपल्या ग्रुपवर दरवर्षी फिरतो. आणि हॉल, केटरर, फोटोग्राफर यांची बिलं मुकाट भरणारे आपण दक्षिणेपाशी येऊन घासाघीस करतो! हे बरं नाही हो.

पुण्यात ज्ञानप्रबोधिनी या संस्थेने बायकांना, सगळ्या जातींच्या लोकांना पौरोहित्य शिकवलं, मला ते मनापासून पटतं. पण घन पाठ करायला आयुष्याची दहा वर्षं कोण देणार?

गुरुजींचा स्वतःचा मुलगा ऐरोलीला आयटीत आहे. हाताखाली दोन मुलं शिकतायत, त्यातल्या हुशार मुलाला घरचे काढायचं म्हणतायत. मी म्हटलं, मंडळातर्फे खर्च उचलू. तर गुरुजी म्हणाले, पैशाचं नाहीये गं, भिक्षुकाला मुलगी कोण देतं, त्याच्या आईला ती काळजी आहे. यावर काय बोलावं मला सुचलं नाही, आणि लग्नाच्या मुली तर आपल्याच घरांत आहेत.