भूकंप तिकडे, गडी इकडे

श्रोतेहो, नमस्कार.

२५ एप्रिल २०१५, शनिवार. आपल्याकडे आंब्याचा हंगाम ऐन भरात, पेट्या भरायची घाई. त्या दुपारी नेपाळच्या गोरखा जिल्ह्यात, बारपाकजवळ ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जवळपास नऊ हजार माणसं गेली. पुढे ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री जाजरकोट आणि पश्चिम रुकुम हादरलं, तिथे दीडशेवर दगावली. दगडमातीची घरं, माणसं झोपेत. हा पश्चिम नेपाळचा डोंगराळ मुलूख. मजुरीसाठी भारतात उतरणारे बरेचजण त्याच बाजूचे. रत्नागिरी-देवगडच्या बागांत राखणीला, फवारणीला, आंबे काढायला असलेला नेपाळी गडी अशा दिवशी मोबाईल घेऊन रेंज शोधत कातळावर उभा असतो.

तेव्हा वाडीतल्या क्रीडा मंडळाने काय करावं?

पहिलं सुचतं ते स्पर्धा भरवणं. प्रकाशझोतातले सामने घेऊ, जमेल ते देऊ. हेतू चांगलाच आहे हो, पण त्यात पंधरवडा जातो, आणि मंडप, लाईट, चषक वजा जाता काय उरतं ते आपल्या खजिनदाराला विचारा! गड्याला त्या घटकेला हवा असतो त्याचाच पगार. कित्येकांना खर्चीपुरते मिळतात आणि हिशेब हंगामाअखेर होतो. घर पडलं तरी हातात रोकड नाही. इथे मंडळाचं वजन कामी येतं. कबड्डी संघात बागायतदाराचा मुलगा असतो, पतपेढीतला कारकून असतो, रिक्षावाला असतो. चौघांनी जाऊन मालकाच्या पडवीत बसावं आणि सांगावं, "काका, याचा आजवरचा हिशेब करून टाका, आणि परत आला की कामावर घ्या." बाहेरच्या संस्थेला हे बोलणं जमायचं नाही.

मग पैसे पाठवायचे. भारत-नेपाळ रेमिटन्स योजनेत घरच्यांचं तिकडे बँकेत खातं नसलं तरी चालतं. रोखीने एका वेळी ५० हजार, इथल्या खात्यातून २ लाखांपर्यंत पाठवता येतात. कुणीतरी बँकेत सोबत जायला हवं, एवढंच. मंडळाने वर्गणी थेट परदेशी धाडायच्या भानगडीत पडू नये. पावती करून गड्याच्या हातात द्यावी.

ज्याला जायचंय त्याला व्हिसा लागत नाही, अडतं ते रेल्वेच्या तिकिटावर. लखनौपर्यंत गाडी, पुढे रुपईडिहाची हद्द ओलांडली की नेपाळगंज. स्लीपरचं तत्काळ सकाळी ११ ला उघडतं आणि आता त्याला रेल्वेच्या तिकीट संकेतस्थळावरचं, आधार जोडलेलं खातं लागतं. ते यातल्या बहुतेकांकडे नसतं. मंडळाची चार पोरं अकराला मोबाईल घेऊन बसली तर एखादं तिकीट हाती लागेल.

आणि जो जाऊच शकत नाही? घरचं माणूस गेलं तर त्यांच्यात मुलगा तेरा दिवस किरिया पाळतो. पांढरी वस्त्रं, दिवसातून एकदा स्वतः शिजवलेलं अळणी अन्न, कुणाला शिवायचं नाही. बागेतल्या मांगरात, म्हणजे राहायच्या खोपटात, पाचसहा जणांच्या दाटीत हे कसं व्हायचं? मंडळाच्या खोलीतलं चषकांचं कपाट सरकवा, त्याला कोपरा द्या, एक चूल द्या.

हे सगळं ओळख असेल तरच होतं, आणि ती भूकंपाच्या दिवशी करता येत नाही. व्हॉलीबॉल हा २०१७ पासून नेपाळचा राष्ट्रीय खेळ. संध्याकाळी नेट बांधा आणि बागेतल्या पोरांना बोलवा. त्यांची उडी पाहून आपल्या संघाचे डोळे उघडतील, हा वर फायदा!

मदत एका महिन्यात संपवू नका. २०१५ नंतर नेपाळ सरकारने घरबांधणीला ३ लाख नेपाळी रुपये दिले, पण हप्त्यांनी. पाया झाला की पुढचा हप्ता. म्हणजे गड्याला मध्येच गावी जावं लागणार, पुढच्या हंगामातही.

यंदा पावसाळा सरला की माणसं यायला लागतील, तेव्हा एक वही घाला. नाव, जिल्हा, पालिका, वॉर्ड, घरचा फोन, इथल्या मालकाचं नाव. मालकांनाही आधीच सांगून ठेवा. नमस्कार.