टाइल पोकळ का वाजते? गोणीतल्या पॉलिमर पावडरची गोष्ट

(गच्चीवर, टाइलवर नाणं ठोकत)

नमस्कार मंडळी! ऐकलंत? इथे टण्ण, आणि इथे ढब्ब, म्हणजे टाइलखाली पोकळी. जुळे सोलापुरातली ही गच्ची. मिस्त्री म्हणतोय, ॲडेसिव्हच खराब होतं. मला नाही तसं वाटत.

आपली शहाबादी फरशी पाणी शोषते, म्हणून साध्या सिमेंटच्या मालावरही बसते. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. सिमेंट शिरणार कुठे? तिथे सिमेंटच्या जोडीला पॉलिमर लागतो, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा चिकट पदार्थ.

आधी हा पॉलिमर डब्यातून यायचा, दुधासारखा पातळ. साइटवर ओतायचा, प्रमाण गवंड्याच्या मर्जीवर. युरोपच्या थंडीत गोठला की वाया. 1957 साली जर्मनीच्या वाकर कंपनीने त्याची पावडर बाजारात आणली. पद्धत दूध पावडरचीच: गरम हवेत फवारा मारायचा, पाणी उडून जातं. पण हे कण चिकट, वाळताना एकमेकांना धरून बसणार. म्हणून पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं वेष्टण. ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे माल कालवला की कण पुन्हा सुटे होतात. खरी करामत ती.

(दातेरी थापीने माल ओढत)

आता नीट बघा. ॲडेसिव्हच्या गोणीत सिमेंटही असतं आणि ही पावडरही. सिमेंटला घट्ट व्हायला पाणी हवं. पॉलिमरचे कण जुळून लवचीक पापुद्रा व्हायला मात्र पाणी कमी व्हायला हवं. दोघांचा मेळ घालतो त्याच गोणीतला सेल्युलोज इथर. तो पाणी धरून ठेवतो, हळूहळू सोडतो. मग दिवसा तापून टाइल फुगली, रात्री आकसली, तरी तो पापुद्रा ताण सोसतो.

पण एप्रिलमधलं सोलापूर! बेचाळीस डिग्री, वर वारा. पसरलेल्या मालावर साय धरते. वरून ओला दिसतो, टाइलला मात्र चिकटत नाही. माल पसरल्यावर टाइल बसवायला गोणीवर वीस मिनिटं छापलेली असतात, ती प्रयोगशाळेतल्या हवेची. भर उन्हात तेवढी मिळत नाहीत हो.

म्हणून बोट लावा. माल बोटाला लागला नाही, तर खरवडून काढा आणि नवा लावा. घट्ट झालेल्या घमेल्यात पुन्हा पाणी मारू नका. आणि पैसे वाचवायला गोणीत वरून सिमेंट टाकणारे महाभाग आहेतच. त्याने पॉलिमरचं प्रमाण घटतं, म्हणजे ज्याचे पैसे मोजले तेच कमी केलं.

गच्चीचं काम शक्यतो सकाळी उरका. टाइलच्या मागची पांढरी धूळ ओल्या फडक्याने पुसा. एका वेळी दोन-तीन टाइल्सपुरताच माल पसरा.