हात मागे बांधून उभं राहताना

नमस्कार श्रोतेहो. मी कुत्र्या-मांजरांची सर्जन, आणि गेली सव्वीस वर्षं व्हेटरनरी कॉलेजात सर्जरी शिकवतेय. बारावी झालेली मुलं आणि त्यांचे आईवडील भेटले की हमखास विचारतात, मॅडम, एवढं शिकून कॉलेजातच का राहिलात, स्वतःचं क्लिनिक टाकलं असतं तर कुठल्या कुठे गेला असतात. तर आज त्याबद्दलच बोलते.

आधी रस्ता सांगते, म्हणजे मुलांना अंदाज येईल. नीटची प्रवेशपरीक्षा देऊन बीव्हीएससीला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीच्या पदवीला अ‍ॅडमिशन, साडेपाच वर्षं, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. मग सर्जरीत एमव्हीएससी, म्हणजे त्यापुढची मास्टर्स, दोन वर्षं, आणि कायम शिकवायचंच असेल तर पीएचडी, ती तीन वर्षांची म्हणतात पण थिसिस रखडला की किती लांबेल सांगता येत नाही. आपल्याकडची सरकारी कॉलेजं नागपूरच्या माफसूखाली, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात, ते विद्यापीठ २००० सालचं, पण परळचं मुंबई व्हेटरनरी कॉलेज मात्र १८८६ चं, म्हणजे मुंबईत ट्राम घोडे ओढायचे तेव्हाचं. तेव्हा जनावरांचा डॉक्टर म्हणजे घोड्याचा नाहीतर बैलाचा. आम्ही शिकलो तेव्हासुद्धा सर्जरी म्हणजे बैलाच्या शिंगाचा कॅन्सर, म्हशीच्या पोटातून निघालेली तार आणि खिळे. आता तालुक्याच्या गावातनंही लॅब्राडोर येतो, लंगडत.

आता कॉलेजात का राहिले ते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातची गाठ सुटली. साधी नसबंदी होती, पाळलेली गावठी कुत्री, पोट शिवलं, ती शुद्धीवर यायला लागली, आणि तासाभराने मी ओठ वर करून बघितलं तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. ओव्हरीकडच्या रक्तवाहिनीवर बांधलेला दोरा घसरला होता. परत पोट उघडलं, सगळं रक्तच रक्त, वाचली नाही. बाहेर बाकावर एक आजोबा तिचा पट्टा हातात घेऊन बसले होते, त्यांना जाऊन मी सांगितलं की चूक माझी झाली. ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. त्या दिवसापासून गाठ कशी बसवायची हे शिकवणं मला माझं काम वाटायला लागलं, क्लिनिकचा विचार पुन्हा मनात आलाच नाही.

शिकवणं म्हणजे काय हे बाहेरून कळत नाही. मागच्या पावसाळ्यात नऊ वर्षांची एक कुत्री आली, माजावर येऊन महिना झालेला, सारखं पाणी पिते, जेवत नाही, मागून घाण वासाचा स्राव. गर्भपिशवीत पू. पोट उघडलं तर एरवी पेन्सिलीएवढी असणारी पिशवीची नळी मनगटाएवढी जाड, आणि एवढी नाजूक की जोरात धरली तर फाटायची. सुरी माझ्या एमव्हीएससीच्या मुलीच्या हातात, बीडकडची पोरगी, तिची ही पहिलीच. मी समोर हात मागे बांधून उभी. हे फार अवघड असतं हो, हात आपोआप पुढे जातात, मीच करून टाकते असं शंभरदा वाटतं, पण मी केलं तर ती शिकणार कधी.

"गाठ बसली का गं?"

"बसली मॅडम."

"सोड चिमटा, हळू. रक्त येतंय?"

"नाही."

"एक मिनिट थांब. परत बघ."

ती थांबली, तोंडाने साठ आकडे मोजले, घामाचा थेंब मास्कवर पडला. कोरडं होतं. मग पुढे गेलो.

दुसरा भाग संशोधनाचा, आणि मुलांना तो कंटाळवाणा वाटतो. न्यूयॉर्कच्या अ‍ॅनिमल मेडिकल सेंटरमधल्या दोन डॉक्टरांनी पाच महिन्यांत उंच इमारतींवरून पडून आलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी लिहून ठेवल्या आणि १९८७ मध्ये छापल्या. उपचार मिळालेल्यांतली ९० टक्के वाचली. तेव्हापासून डॉक्टरांना कळलं की मांजर वरून पडलं म्हणजे संपलं असं समजायचं नाही, छाती, जबडा, टाळू तपासायचा आणि लढायचं. ही सगळी नुसती नीट लिहिलेल्या रजिस्टरची पुण्याई. म्हणून मी रजिस्टरवरून ओरडते, वजन लिहा, भूल किती दिली लिहा, मेलं तर का मेलं तेही लिहा, तेच आधी लिहा.

पैसा क्लिनिकमध्ये जास्त आहे, खोटं कशाला बोलू. प्रमोशनं रखडतात, औषधं संपतात, सकाळच्या ओपीडीत रांग असते आणि त्यात हातगाडीवर घालून आणलेलं रस्त्यावरचं कुत्रं असतं, मांडीचं हाड मोडलेलं, आणणाऱ्या माणसाच्या खिशात परतीच्या बसपुरते पैसे. त्या कुत्र्याच्या हाडात पिन बसते आणि माझी चार मुलं ती बसवायला शिकतात.

ती नऊ वर्षांची कुत्री दहाव्या दिवशी टाके काढायला आली, शेपूट हलवत, मालकीणबाईंनी आमच्यासाठी डब्यात शंकरपाळ्या आणल्या होत्या. टाके त्याच पोरीने काढले. मी बाजूला दुसरी केस बघत होते.