सात आठे किती?

[दृश्य : दिवेलागण. पडवीत आजी आणि तिसरीतली नात. मागे देव्हाऱ्यातला दिवा.]

तिन्हीसांजेला हातपाय धुवायचे, देवापुढे बसून शुभंकरोती म्हणायची आणि त्याच दमात पाढे. याला परवचा म्हणत. कितीतरी मराठी घरांत हा रोजचा नेम होता. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा... हा ताल कानावर पडला की आजही मान आपसूक डोलते.

जुन्या पिढीची मुलं एवढ्यावर सुटत नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा! रुपयाचे आणे सोळा, मणाचे शेर चाळीस. दुकानात उभ्याउभ्या हिशेब करायचा तर पाव-पाऊणचे पाढे हवेतच. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि पावकी-पाऊणकीचं रोजचं काम गेलं. काम गेलं, तसे ते पाढेही गेले.

आजच्या मुलाच्या पाढ्याला काय काम असतं?

[दृश्य : शाळेचा वर्ग. मुलं एका सुरात पाढा म्हणताहेत.]

सातचा पाढा म्हणायला सांगा, मुलं घडाघडा म्हणतात. मग मधूनच विचारा, सात आठे किती? ओठ पुटपुटायला लागतात. सात एके सात, सात दुणे चौदा... पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायला सुरुवात. पाढा त्यांना गाण्यासारखा येतो, आणि गाणं मधल्याच ओळीपासून उचलणं मोठ्यांनाही जमत नाही. म्हणून पाठांतर बंद करा, असं मी कधीच म्हणणार नाही. तो ताल जन्मभर पुरतो. फक्त तोंडाच्या आधी हाताला पाढा कळू द्या.

[दृश्य : पुठ्ठ्यावर चिंचोके मांडणारे छोटे हात.]

चोवीस चिंचोके आणि एक पुठ्ठा. सहा-सहाच्या चार ओळी मांडायच्या. सहा चोक चोवीस. आता चिंचोक्यांना हात न लावता पुठ्ठाच आडवा फिरवायचा. चार-चारच्या सहा ओळी झाल्या. किती चिंचोके?

आपल्याला उत्तर उघड दिसतं. मूल मात्र पुन्हा एकापासून मोजतं. दुसऱ्या दिवशीही मोजतं. मोजू द्यावं, घाई करू नये. एके दिवशी ते बोट मागे घेतं आणि म्हणतं, "चोवीसच की! फिरवलं फक्त."

या एका वाक्याची किंमत किती, ते मोजून पाहू. एक ते दहाचे पाढे म्हणजे शंभर उत्तरं. फिरवलं तरी उत्तर तेच, हे कळलं की उरतात पंचावन्न. त्यातून एकचा, दोनचा, पाचचा आणि दहाचा पाढा काढा; ते मुलांना लवकर येतात. उरली फक्त एकवीस. डोंगराएवढ्या वाटणाऱ्या पाढ्यांतली खरी अवघड जागा एवढीच!

[दृश्य : दोन्ही पंजे पसरलेली मुलगी.]

नऊचा पाढा तर बोटांवरच आहे. नऊ चोक? दोन्ही पंजे समोर धरा, डावीकडून चौथं बोट मिटा. मिटलेल्या बोटाच्या डावीकडे तीन, उजवीकडे सहा. छत्तीस. ही जादू नव्हे. चार वेळा नऊ म्हणजे चार वेळा दहा, त्यातून चार कमी. हे कारणही मुलांना सांगावं. त्यांना ते आवडतं.

[दृश्य : पाटीवर ३६ लिहिलेले. बाई शेजारी ६३ लिहितात.]

एक अडचण आपल्या भाषेतलीही आहे. सात नवे त्रेसष्ट. कानावर आधी 'त्रे' पडतं, मग साठ. मूल आधी तीन लिहितं आणि पाटीवर होतात छत्तीस. गुणाकार बरोबर, लिहिणं उलटं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन' अशी वाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा जोडाक्षरांच्या आणि उलट्या क्रमाच्या याच अडचणीकडे लक्ष वेधलं होतं. त्या वादात कोणतीही बाजू घ्या, पण छत्तीस लिहिणाऱ्या मुलाला फुली मारण्याआधी एकदा तोंडी विचारा.

[दृश्य : चौकटीची वही, दोन फासे, दोन रंगीत पेन्सिली.]

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो हा खेळ. सापशिडीच्या डब्यातले दोन फासे घ्यायचे. तीन आणि पाच पडले, तर वहीत तीन ओळींचा, पाच घरांचा आयत काढायचा आणि पोटात लिहायचं पंधरा. मग दुसऱ्याची पाळी. पान भरत येतं, जागा आखडते. तीन-पाचचा आयत कोपऱ्यात मावत नाही, म्हणून मूल तो उभा करून बसवतं. पुठ्ठा फिरवायला आता कुणी सांगितलेलं नसतं! दोन-सहाचा लांबोडका आणि तीन-चारचा ठेंगणा आयत शेजारी आले की दोन्हींत बाराच घरं, हेही डोळ्यांना दिसतं.

या खेळात घड्याळ लावू नका. 'कोण आधी सांगतं' अशा शर्यतीत तीच दोन-तीन मुलं जिंकतात आणि ज्यांना सरावाची गरज असते, ती गप्प बसायला शिकतात. रोज दहा मिनिटं, पण रोज. अंड्यांच्या ट्रेमध्ये पाच सक तीस, गोळ्यांच्या पट्टीत पाच दुणे दहा. विचारायला निमित्तं घरभर आहेत.

[दृश्य : पुन्हा पडवी. दिवा तेवतो आहे.]

"सांग बघू, सात आठे?"

नात थांबते. पण ओठ पुटपुटत नाहीत, सात एकेपासून सुरुवात होत नाही.

"सात साते एकोणपन्नास... त्यात अजून एक सात... छप्पन्न!"

"आणि साडेतीन दुणे?"

नात बोटांकडे बघते, मग आजीकडे. "सात!"

"अगं, मग औटकी सुरू झाली की तुझी," आजी म्हणते, आणि मांडी सावरून बसते.