खाडीचा सातबारा

(पहाट. नवी मुंबईतल्या करावे गावाजवळची खाडी.)

ओहोटी लागलीय. होडी गाळातून ढकलावी लागते. काकांचे पाय पोटरीपर्यंत रुततात. मागे दिसतात ते पाम बीच रस्त्याचे टॉवर. तिथले फ्लॅट कोटींच्या भावाने विकले जातात. टॉवर आणि होडीच्या मधे आहे फक्त खारफुटी.

जाळं वर आलं. मूठभर कोळंबी, दोन बोईटं. बाकी सगळ्या प्लास्टिकच्या पिशव्या. काका त्या एकेक करून सोडवतात, जाळं फाटू नये म्हणून.

(भातखाचरांचे जुने फोटो.)

इथे भातशेती होती, मिठागरं होती. १९७० साली सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीची, स्थापना झाली. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यायची, म्हणून ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. मोबदला तुटपुंजा. जमिनी गेलेल्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे आगरी-कोळी रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-पागोटे परिसरात पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली ती या लढ्यामुळे, कुणाच्या मेहेरबानीने नाही. शंभर गुंठे गेले, तर साडेबारा गुंठ्यांचा विकसित भूखंड परत. त्यातलेही तीस टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापायचे. हातात उरले पावणेनऊ. त्यावर भावाबहिणींची सगळ्यांची नावं, आणि दारात बिल्डर.

पण हा सगळा हिशेब जमिनीचा. खाडीचा सातबारा कुणाच्याच नावावर नसतो. ज्या घरांचं पोट जाळ्यावर होतं, त्यांची खाडी या साडेबारा टक्क्यांत कधी मोजलीच गेली नाही.

(गावठाणातली गल्ली.)

ही गल्ली बघा. समोरासमोरच्या खिडक्यांतून हात लांबवला तर भांडं देता येतं. कुटुंबं वाढली, गावठाणाची हद्द मात्र होती तिथेच. मुलांनी शेजारी खोल्या चढवल्या. कागदोपत्री ती अनधिकृत बांधकामं. इथली माणसं म्हणतात, गरजेपोटी बांधलेली घरं. त्यांच्यावर नोटिसा येतात, वर्षानुवर्षं.

(नाका. सकाळ.)

काकू टोपली घेऊन बसल्यात. कोळंबीचे तीन वाटे लावलेत, बोईटं बाजूला, वर ओलं फडकं. टॉवरच्या दिशेने एक गाडी येऊन थांबते. काच खाली होते. काकू फडकं उचलतात.